ख्रिस्ती गीतस्पर्धा आणि परीक्षकाची पात्रता

१

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीने नव्या उपासनागीतांची स्पर्धा योजिली असून तिच्यासाठी तज्ज्ञ परीक्षक सुचवावेत, असे विनंतीपत्र काही महिन्यांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे आले. परीक्षकांची संख्या आणि त्यांची क्षेत्रे पत्रात आधीच ठरलेली होती : एक धर्मशास्त्राचा जाणकार, एक संगीताचा जाणकार आणि एक मराठीचा प्राध्यापक. सोबत गुणपत्रिकेचा नमुनाही होता. आशयाला ४०, भाषेला ३० आणि चालीला ३० गुण. तिघांनी आपापल्या घरी बसून आपापला रकाना भरावा, आणि बेरजेत जे गीत पुढे जाईल त्याला पारितोषिक द्यावे, अशी ही योजना होती.

प्रथमदर्शनी या योजनेत आक्षेप घेण्याजोगे काही दिसत नाही. प्रत्येक अंगाला त्या त्या अंगाचा जाणता मिळाला, पक्षपाताला जागा उरली नाही, आणि आकड्यांमुळे निर्णयाला काटेकोरपणा आला. परंतु प्रत्यक्ष नावे सुचविण्याची वेळ आली तेव्हा ध्यानात आले की, हा प्रश्न दिसतो तसा केवळ व्यवस्थेचा नाही. परीक्षक नेमणे म्हणजे ज्या वाङ्मयप्रकाराची परीक्षा करावयाची त्याची व्याख्या आधीच करून टाकणे होय. तीन स्वतंत्र तज्ज्ञ नेमणारा मनुष्य नकळत असे गृहीत धरतो की, उपासनागीत म्हणजे सिद्धान्त अधिक भाषा अधिक चाल. हे गृहीतकच तपासून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. तपासणीसाठी नगर जिल्ह्यासारखे क्षेत्र दुसरे नाही, कारण मराठी ख्रिस्ती गीताची घडण ज्या थोड्या ठिकाणी झाली त्यांत नगरचे स्थान फार वरचे आहे.

२

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ साली सुरू झाले आणि १८३१ साली ते नगरला पोहोचले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरातच निघाले. नव्या मंडळ्यांना उपासनेसाठी गीते हवी होती, आणि ती दोन वाटांनी आली. पहिली वाट अनुवादाची. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसविले. दुसरी वाट कीर्तन-भजनाची. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकार कवींनी पदे, अभंग, साक्या हे इथल्या कानाला ओळखीचे प्रकार उपासनेत आणले. पुढे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ही दुसरी वाट राजमार्ग केली. त्यांचा बाप्तिस्मा मुंबईस १८९५ साली झाला, परंतु त्यानंतरच्या आयुष्याचा मोठा भाग नगर आणि राहुरी येथे गेला. मराठी मंडळ्यांत आजही वापरात असलेल्या ‘उपासनासंगीत’ या संग्रहाचा कणा टिळकांच्या गीतांचा आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या संग्रहातील गीते कोणत्याही गुणपत्रिकेतून निवडली गेलेली नाहीत, परंतु त्यांची परीक्षा झाली नाही असेही नव्हे. संपादकांनी काही गीते छापली. मंडळ्यांनी त्यांतली काही उचलली आणि काही पुस्तकातच ठेवली. जी उचलली गेली ती पुढे पुस्तकावाचून गायिली जाऊ लागली. म्हणजे परीक्षक होते, पण ते गीताचे भाग पाडून पाहत नव्हते. गीत तोंडात बसते की नाही, संकटाच्या वेळी आठवते की नाही, एवढेच ते पाहत होते. स्पर्धेच्या परीक्षकाला हीच परीक्षा काही दिवसांत, आणि गीत अजून कोणाच्याही तोंडी बसलेले नसताना, करावयाची असते. त्याचे काम कठीण आहे ते याच कारणाने.

३

प्रथम भाषेचा रकाना घेऊ, कारण तोच प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला यावयाचा होता.

मराठी गीत कागदावर वाचणारा आणि ते गाणारा हे दोघे एकच मजकूर दोन रीतींनी उच्चारतात. बोलताना आपण शब्दातील अनेक अकार गाळतो. ‘तारणारा’ हा शब्द लिहिताना चार अक्षरांचा, परंतु बोलताना ‘तार्-णा-रा’ असा तीन अवयवांचा होतो. अभंगाच्या गायनात हे गाळलेले अकार परत येतात. ‘राम’ हा शब्द बोलण्यात एका अवयवाचा आणि गाण्यात दोन अक्षरांचा आहे. ओवी आणि अभंग ही अक्षरसंख्येची वृत्ते असल्यामुळे त्यांचा सारा हिशेब या परत आलेल्या अकारांवर चालतो. उदाहरणादाखल, केवळ विवेचनासाठी जुळविलेला पुढील चौक पाहावा :

येशूच्या पायांशी । ठेविला मी माथा ।
न उरली व्यथा । तिळमात्र ॥

हा मोठ्या अभंगाचा साचा. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. बोलीच्या उच्चाराने मोजले तर तिसऱ्या चरणात पाच आणि चौथ्यात तीनच अवयव भरतात. गाण्याच्या उच्चाराने मोजले तर सहा आणि चार बरोबर मिळतात. टाळ हाती धरलेल्या मनुष्याला हे मोजावे लागत नाही. छापील गद्य वाचण्याची सवय जडलेल्या परीक्षकाला मात्र अशी ओळ लंगडी वाटण्याचा संभव असतो. याच्या उलट, डोळ्यांना सफाईदार दिसणारी ओळ गाताना जिभेला अडखळविते, हाही अनुभव दुर्मिळ नाही.

पाश्चात्त्य चालीवर रचलेल्या गीताची अडचण वेगळ्या जातीची आहे. इंग्रजी उपासनागीताचा आठ-सहा अवयवांचा परिचित साचा आघातावर उभा आहे. शब्दातील आघात आणि तालाचा ठोका एकत्र पडतात तेव्हाच ती ओळ खुलते. मराठीत शब्दार्थ पालटविणारा असा आघात नाही. शिवाय मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येते, आणि पुष्कळदा त्याचेही साहाय्यक रूप. परिणामी चालीतील सर्वांत लांब आणि सर्वांत उठावाचा स्वर ‘आहे’, ‘तो’, ‘ला’ यांसारख्या निर्बल शब्दावर किंवा प्रत्ययावर येऊन थांबतो. मंडळी तो स्वर श्रद्धेने लांबवते खरी, पण त्या स्वरात गाण्याजोगा अर्थ नसतो. वर जुळविलेल्या चौकात ‘ठेविला मी माथा’ असा क्रम आहे. ‘मी माथा ठेविला’ हा गद्यक्रम मोडून नाम शेवटी आणले आहे. अभंगाच्या परंपरेत ही युक्ती इतकी मुरलेली आहे की, ती युक्ती आहे हेच आपण विसरून गेलो आहो.

मग या दोषाचे गुण कोणत्या रकान्यात कापावयाचे? भाषेच्या परीक्षकाला वाक्य शुद्ध दिसते. संगीताच्या परीक्षकाला चाल निर्दोष वाटते. दोष दोहोंच्या जोडावर आहे, आणि जोडासाठी गुणपत्रिकेत रकाना नाही. भाषा आणि चाल वेगळ्या परीक्षकांकडे सोपविल्या की, गीत ज्या ठिकाणी जगते वा मरते नेमके तेच ठिकाण कोणाच्याही कक्षेत येत नाही.

४

आता आशयाचा रकाना. धर्मशास्त्राचा जाणकार शब्द तोलून पाहील, आणि ते त्याचे कर्तव्यच आहे. ‘मोक्ष’ म्हटले की पुनर्जन्माच्या फेऱ्यातून सुटका ही कल्पना मागोमाग येते. ‘अवतार’ म्हटले की देवाने वारंवार घेतलेल्या रूपांचे स्मरण होते. हे शब्द ख्रिस्ती गीतात कोठवर चालतील, याविषयी त्याला मत देण्याचा अधिकार आहे. पण केवळ एवढ्या शिदोरीवर तो परीक्षेस बसला तर काय घडेल, याचा विचार टिळकांच्याच उदाहरणावरून करावा. टिळकांनी ख्रिस्ताला गुरू म्हटले आणि आई म्हटले. शब्दांपुरते पाहणारा शास्त्री येथे थबकेल, कारण ख्रिस्ताला माता म्हणण्याची रीत त्याच्या पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. वारकरी परंपरेत मात्र विठ्ठल विठाई होतो आणि ज्ञानेश्वर माउली होतात. त्या परंपरेत आई या शब्दाने लिंग सांगितले जात नाही, न मागता मिळणाऱ्या वात्सल्याची खूण सांगितली जाते. तुकारामाच्या आधाराने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ज्याला तो आधार ठाऊक नाही त्याच्या हातून टिळकांच्या उत्तमोत्तम गीतांचेच गुण कापले गेले असते.

हाच ‘माउली’ शब्द नगर जिल्ह्यातच आणखी एक वळण घेतो. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. तेथे माउली म्हणजे पवित्र मरिया. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका पंथाच्या भाविकाला या शब्दात ख्रिस्त ऐकू येईल आणि दुसऱ्या पंथाच्या भाविकाला ख्रिस्ताची माता. स्पर्धा सर्व पंथांना खुली असेल तर ही गोष्ट ठाऊक नसलेला परीक्षक, तो कितीही विद्वान असो, अर्ध्या गीतांचा अर्थ चुकीचा लावील.

मराठीच्या प्राध्यापकाचा धोका याच्या उलट बाजूने येतो. ‘तारण’ हा शब्द घ्या. व्यवहाराच्या मराठीत तारण म्हणजे कर्जापोटी ठेविलेली वस्तू. सावकाराच्या वहीपासून बँकेच्या अर्जापर्यंत हाच अर्थ. ख्रिस्ती मराठीत मात्र तारण म्हणजे उद्धार, आणि तारणारा म्हणजे उद्धारकर्ता. ‘तारणे’ या क्रियापदाचा पार नेण्याचा मूळ अर्थ पाहिला तर ख्रिस्ती मराठीने काही वावगे केलेले नाही. संतांच्या भाषेत देव भक्ताला तारतोच. परंतु या बोलीशी परिचय नसलेला प्राध्यापक ‘तारण’ हा शब्द गद्यप्राय किंवा परका ठरवून गुण कमी करण्याची शक्यता फार. तसेच ‘देवाचा कोकरा’. प्रमाण मराठीला कोकरू नपुंसकलिंगी परिचित आहे, आणि शुद्धलेखनाचा अभिमानी तेथे लाल रेघ ओढील. पण मराठी पवित्र शास्त्रात ‘कोकरा’ हेच रूप आहे, आणि ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकले त्यांच्या दृष्टीने ती चूक नसून एक विशेषनाम आहे. ख्रिस्ती मराठी ही मराठीची सदोष प्रत नव्हे. ती तिची एक स्वतंत्र धर्मबोली आहे, आणि जिचे नियम आपणास ठाऊक नाहीत त्या बोलीत चूक काढण्याचा अधिकार पदवीने प्राप्त होत नाही.

५

या विवेचनावरून तज्ज्ञ नकोतच, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. मुद्दा एवढाच की, येथे ज्या तज्ज्ञतेची गरज आहे ती दोन परंपरा एकाच कानात सामावणारी तज्ज्ञता आहे. निकोल मॅकनिकल यांचे उदाहरण बोलके आहे. टिळकांच्या काही गीतांचे इंग्रजी रूपांतर त्यांनी केले, आणि मराठी संतांच्या अभंगांच्या अनुवादाचे त्यांचे पुस्तक १९१९ साली प्रसिद्ध झाले. धर्माने मिशनरी, पण कान अभंगावर तयार झालेला, अशा मनुष्याला टिळकांचे मोल समजले यात नवल नाही. केवळ धर्मशास्त्र किंवा केवळ मराठी जाणणाऱ्याला ते त्याच खोलीने समजले असते, असे मानावयास आधार नाही.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. शाळेची पदवी तर राहोच, अक्षरओळखसुद्धा त्यांना लग्नानंतर झाली. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे ठेवून टिळक निवर्तले, तेव्हा त्याचे उरलेले ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले. ज्या पत्राने हा लेख लिहविला त्या पत्रातील तीनही रकान्यांत लक्ष्मीबाईंना जागा मिळाली नसती. धर्मशास्त्राची परीक्षा त्यांनी दिलेली नव्हती, संगीताची तालीम घेतलेली नव्हती, आणि प्राध्यापक तर त्या नव्हत्याच. तरीही ख्रिस्ती ओवी कोठे वाहते आणि कोठे अडते हे त्यांच्याहून अधिक कोणाला कळत होते? पात्रतेची जी व्याख्या लक्ष्मीबाईंना बाहेर ठेविते ती व्याख्या कोठे तरी मुळातच चुकली आहे.

तिसरे उदाहरण परीक्षेच्या रीतीचे आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. टिळक त्यात अग्रभागी होते. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या वयाच्या मुलाने कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरविले. हा निर्णय ऐकून झाला. सभेच्या साक्षीने झाला. कागद घरी नेऊन रकाना भरून झाला नाही. मराठी कवितेच्या पुढील इतिहासाने त्या निर्णयावर शिक्कामोर्तबच केले. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही हे खरे, पण गाण्यासाठी लिहिलेल्या रचनेला तरी ऐकण्यावाचून दुसरी कसोटी असू नये.

६

एका आक्षेपाचा येथे विचार केला पाहिजे. मंडळीच्या तोंडी बसणे ही जर अखेरची कसोटी, तर लोकप्रियता म्हणजेच गुणवत्ता असे म्हणण्यासारखे झाले. मंडळीला सवयीचे आवडते. नवीन चाल, नवीन प्रतिमा तिला आरंभी खटकते. मग परीक्षकाने गर्दीच्या मागे जावयाचे काय?

आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या इतिहासात मिळते. गोव्यात राहून एका इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध मराठीत रचलेला हा ग्रंथ १६१६ साली रोमन लिपीत छापला गेला. धर्माधिकाऱ्यांची संमती त्याला मिळालेली होती, म्हणजे आजच्या भाषेत पहिला रकाना भरलेला होता. परंतु त्या शतकातील मुद्रित प्रती आज उपलब्ध नाहीत. पोर्तुगीज सत्तेने १६८४ साली देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला. तरीही पुराण टिकले, ते भाविक कुटुंबांनी हस्तलिखिते जपली म्हणून. १९०७ साली मंगळूरला निघालेली आवृत्ती अशा हस्तलिखितांच्या आधारेच सिद्ध झाली. याला लोकप्रियता म्हणता येणार नाही. लोकप्रिय वस्तू सोयीच्या काळात गर्दी जमविते. हा ग्रंथ गैरसोयीच्या काळात, काही एक किंमत देऊन, टिकविला गेला. परीक्षकाने पाहावयाचे ते हे दुसरे : गीत आज आवडेल काय, हा त्याचा प्रश्न नसावा. ते जपून ठेवावेसे वाटेल काय, हा असावा. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मंडळीच्या जीवनाचा आतून परिचय लागतो, आणि त्या परिचयाच्या पलीकडे पाहण्याचे धैर्यही लागते.

निःपक्षपाताचा प्रश्न याहून व्यावहारिक आहे. जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात लिहिणारे मोजके, आणि सर्व एकमेकांना ओळखणारे. पाळकाचा मेहुणा, शिक्षिकेचा विद्यार्थी, भजनी मंडळाचा पेटीवाला, असे संबंध टाळणे अशक्य. म्हणूनच आयोजकांना परगावचा, परधर्माचा, परका तज्ज्ञ सुरक्षित वाटतो. पण परकेपणा म्हणजे निःपक्षपात नव्हे. परक्याचे पूर्वग्रह केवळ वेगळे असतात. वेल्समधील आइस्तेदवोद या वार्षिक काव्य-संगीत महोत्सवाने यावर चांगला तोडगा काढला आहे. उपासनागीताची स्पर्धा तेथे नेहमीची. स्पर्धक टोपणनावाने रचना पाठवितात, परीक्षक त्याच लहानशा भाषिक समाजातले असतात, आणि त्यांचे अभिप्राय विजेत्या रचनांसह ग्रंथरूपाने छापले जातात. परीक्षकाचे नाव आणि त्याची कारणे उजेडात आली की ओळखीपाळखीचे भय बरेच कमी होते. अभिप्राय छापावयाचा असेल तर मनुष्य जपून लिहितो, आणि न पटणाऱ्याला वाद घालावयास आधार मिळतो. आकड्यांशी कोणाला वाद घालता येत नाही.

७

यावरून काही सूचना निघतात. परीक्षक तीन असावेत, परंतु त्यांची विभागणी रकान्यांनुसार नसावी. तिघांपैकी एकजण तरी खेड्यातील मंडळीत वर्षानुवर्षे गाणे सांगणारा वा सांगणारी असावी, आणि त्या व्यक्तीचे मत सल्ला म्हणून न घेता पूर्ण मत म्हणून घ्यावे. धर्मशास्त्राचा जाणकार असा निवडावा की ज्याला तुकाराम परका नाही, आणि मराठीचा असा की ज्याला ‘तारण’ परके नाही. गीते टोपणनावाने मागवावीत. कवीशी संबंध नसलेल्या गायकांकडून प्रत्येक गीत दोन वेळा ऐकावे : प्रथम कागद हाती न घेता, आणि मग कागद घेऊन. तिघांनी एकत्र बसून चर्चेने निर्णय करावा, बेरजेने नव्हे. एकाही गीताची योग्यता पटली नाही तर पारितोषिक राखून ठेवण्याची मोकळीक त्यांना असावी. अखेरीस अभिप्राय छापून सर्व स्पर्धकांना पाठवावेत, कारण ज्याला पारितोषिक मिळाले नाही त्याला निदान कारण मिळाले पाहिजे. पुढचे गीत तोच लिहिणार आहे.

मंडळीच्या पत्राला उत्तर पाठविताना मी या सूचना कळविल्या, आणि मराठीच्या रकान्यासाठी माझे नाव धरू नये असेही लिहिले. त्यात विनय नाही. ओळ कोठे मोडते आणि का मोडते हे भाषाशास्त्राच्या साहाय्याने मी बहुधा सांगू शकेन. पण न मोडलेल्या दहा गीतांपैकी रुग्णाच्या उशाशी कोणते म्हटले जाईल आणि दफनभूमीवरून परतताना कोणते आपोआप ओठांवर येईल, हे मला सांगता येणार नाही. ते सांगू शकणारी माणसे जिल्ह्यातील मंडळ्यांत आहेत. त्यांच्या नावापुढे पदवी नसेल. तज्ज्ञांच्या यादीत त्यांची नावे आजवर आली नाहीत, याचे कारण यादी करणाऱ्या आपणांसारख्यांच्या व्याख्येत आहे, आणि ती व्याख्या दुरुस्त करणे हे विद्यापीठीय विभागांचेच काम आहे.